सायकल कारवर लावून नेताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरातनं पन्हाळ्याला काय, घरातनंच पॅडल मारत जाता येतं. पण गगनबावडा, आंबा घाट नाहीतर दाजीपूर म्हटलं की बरेच जण सायकल कारला बांधून तिथपर्यंत नेतात आणि मग राइड सुरू करतात. सायकल रॅकवरनं थेट रस्त्यावर पडली असं तसं कमीच होतं, खरी वाट लागते ती रॅकवर हलत राहिल्यामुळं. पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता, त्यात खड्डे, गावागावात स्पीडब्रेकर, सीझनला पुढं उसाचा ट्रॅक्टर म्हणून सारखा ब्रेक, आणि तेवढ्या वेळात एका सायकलचं पॅडल दुसरीच्या फ्रेमवर घासून घासून रंग काढून आतलं अ‍ॅल्युमिनियम बाहेर काढतं.

पट्ट्या आवळल्या आणि सुटलो

सगळ्यात जास्त गोंधळ डिकीला पट्ट्यांनी बांधायच्या रॅकवर होतो, कारण तो त्यातल्या त्यात स्वस्त आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना मागं टो हिच (ट्रेलर किंवा रॅक जोडायचा लोखंडी हुक) नसतोच. याचे हुक डिकीच्या पत्र्याच्या कडेला अडकवायचे. प्लास्टिकच्या स्पॉयलरला किंवा काचेच्या कडेला अडकवलेत तर एखाद्या खड्ड्यात काहीतरी तुटणारच. रॅकचा पॅड गाडीला जिथं टेकतो तिथली धूळ आधी ओल्या फडक्यानं पुसा, पॅड कितीही मऊ असू दे, मध्ये अडकलेली माती पॉलिश पेपरसारखी रंग घासते.

आणि पट्ट्या घरासमोर आवळल्या म्हणजे काम संपलं असं नाही. सायकलींचं वजन बसलं की त्या ढिल्या पडतात, पावसात नायलॉन भिजलं की अजून ताणतात. गगनबावड्याकडं निघालाय तर फुलेवाडी मागं पडली की गाडी बाजूला घ्या आणि सायकल धरून जोरात हलवून बघा. सायकलबरोबर गाडीपण हलली तर ठीक, सायकल एकटीच हलली तर परत आवळा. पट्टीचं उरलेलं टोक मोकळं सोडू नका, ते वाऱ्यानं फडफडून पेंटवर पांढरे ओरखडे काढतं.

रबरी हुकवाला दोर किंवा टायरची ट्यूब कापून बांधायची सवय असते आपल्याला. दुधाच्या कॅनला ते चालतं, इथं नाही, कारण रबर खड्ड्यात ताणतं आणि सायकल नाचते. ट्यूबचे तुकडे फ्रेमला गुंडाळायला वापरा, ते बेस्ट. नाहीतर एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम आणा, उभा चिरला की टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर, बरोबर बसतो.

गिअरची बाजू

हे लई जणांच्या लक्षात येत नाही. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्या छोट्या हँगरवर बसतो तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो, म्हणजे मार बसला तर आधी तो वाकावा, फ्रेम वाचावी. दोन सायकली उलटसुलट लावायच्या, हँडल एकमेकात अडकत नाहीत, पण डिरेलर गाडीला किंवा शेजारच्या चाकाला टेकत नाही ना ते हातानं चाचपून बघा. पुढचं चाक फ्रेमला वेल्क्रोनं बांधा नाहीतर हँडल वळून काचेवर आपटतं.

उतरवल्यावर गिअर उड्या मारायला लागले तर लगेच केबलचा स्क्रू पिळत बसू नका. आधी मागं उभं राहून बघा, डिरेलरची दोन्ही छोटी चाकं कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) दातांच्या सरळ रेषेत आहेत का. खालचं चाक स्पोककडं झुकलं असेल तर हँगर वाकलाय, आणि तशीच सायकल घेऊन घाटात सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये जाऊन सगळंच मोडतं. हँगर मेकॅनिककडनं सरळ करून घ्यायचा किंवा बदलायचा. स्वतः पकडीनं वाकवू नका.

चाक काढलं आणि ब्रेक दाबला

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या लिव्हरला कुणाचा हातसुद्धा लागायला नको. एकदा जरी दाबला तरी ब्रेकचे पॅड आत सरकतात आणि डिस्क परत बसतच नाही. चाक काढलं की पॅडच्या मध्ये घडी केलेला पुठ्ठा सारायचा. आधीच दाबून बसला असाल तर प्लास्टिकच्या टायर लिव्हरनं (टायर काढायच्या पट्टीनं) पॅड हळूहळू मागं ढकला, तेलकट बोट लावू नका.

पॅडल काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. जोर लावून चुकीकडं फिरवत बसलात तर क्रँक (पॅडल ज्यात बसतं तो दांडा) गेला.

कार्बन फ्रेम असेल तर टॉप ट्यूबला धरणारा क्लॅम्प वापरूच नका, चाकांना धरणारा रॅक घ्या. कार्बनची नळी चिमटून आवळली की आतनं तडा जातो, बाहेरनं दिसतही नाही.

बाकीचं पटापट

टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर आला तर गरम हवेनं खराब होतो, सायकल वर उचलून बांधा. नंबरप्लेट आणि टेललाइट झाकले जात असतील तर मांडणी बदला, दंडापेक्षा घाटात धुक्यात मागच्याला तुमचा ब्रेक दिसणं महत्त्वाचं. रॅकवर किती किलो लिहिलंय ते वाचा, इ-बाइकची बॅटरी काढून आत ठेवा. रूफ रॅकवाल्यांनी सायकलसकट उंची टेपनं मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. हॉटेलची कमान, रेल्वेखालचा बोगदा, आणि सगळ्यात घातक म्हणजे स्वतःच्याच अपार्टमेंटचं बेसमेंट, दमून घरी आल्यावर वर सायकल आहे हेच डोक्यात नसतं.

आणि हायवेला लागल्यावर घूंऽऽ असा आवाज यायला लागला तर घाबरू नका, सपाट पट्टी वाऱ्यात थरथरतेय. गाडी थांबवून पट्टीला एक पीळ द्या आणि परत आवळा, आवाज बंद.