अम्युझमेंट पार्कमध्ये गणित-विज्ञान शिकवायचंय? ती वर्कशीट घरीच ठेवा

पार्कमध्ये मुलांना मजेत विज्ञान शिकवा टाइपच्या टिप्स वाचल्या की माझं डोकंच फिरतं. दहा राइड्स, प्रत्येक राइडवर पाच प्रश्न, आणि वर सल्ला काय, तर रोलर कोस्टरवर बसल्यावर मुलांना जडत्व अनुभवू द्या. अहो, रोलर कोस्टरवर बसलेलं पोर डोळे मिटून किंचाळत असतं, ते कसलं जडत्व अनुभवतंय. दुपारपर्यंत त्या वर्कशीटचा बोळा झालेला असतो आणि अर्धी उत्तरं शेजारच्याची बघून उतरवलेली असतात.

मी मुलांच्या बॅचेस घेऊन खूपदा जाते आणि माझं मत आता पक्कं आहे. शिकायचं ते कुंपणाच्या बाहेर उभं राहून, राइडवर बसायचं ते निव्वळ मजेसाठी, आणि अख्ख्या दिवसात नीट मोजायची ती एकच राइड. बाकीच्या राइड्स येताजाता, गप्पांमध्ये.

१. सामान

कोनमापक, स्ट्रॉ, दोरा, दोऱ्याला बांधायला एखादा जड नट, वही, पेन, पेन्सिल, आलेख कागद, व्हिडिओ काढता येणारा फोन. बास. यातलं काहीही राइडवर न्यायचं नाही, फोन तर अजिबातच नाही, वरून पडलेला फोन खालच्याच्या डोक्यात जातो.

२. राइड निवडा

ड्रॉप टॉवर असेल तर डोळे झाकून तोच घ्या. सीट सरळ वर जाते, सरळ खाली पडते, वळणं नाहीत, उलटंपालटं होणं नाही, त्यामुळे शाळेतली सूत्रं जशीच्या तशी लागू पडतात. टॉवर नसेल तर कोलंबस म्हणजे ते मोठं झुलणारं जहाज. रोलर कोस्टर पहिल्यांदाच घेऊ नका, सगळे तोच घेतात आणि सगळे तिथेच अडकतात.

३. आधी अंदाज, मग मोजमाप

सीट किती मीटर वर जाते, पडायला किती सेकंद लागतात, खाली येईपर्यंत वेग किती होतो, हे तीन आकडे प्रत्येकाने वहीत लिहायचे, पेनाने, खाडाखोड नाही. अंदाज न लिहिता मोजलं तर पोरांना उत्तराशी काही देणंघेणं उरत नाही.

४. उंची मोजणं (इथेच सगळं अडतं)

मला सगळ्यात जास्त त्रास याच पायरीने दिलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुस्तकातली पद्धत सोपी आहे. टॉवरच्या पायथ्यापासून अंतर मोजा, वरच्या टोकाचा उन्नतकोन (वर बघताना नजर आडव्या रेषेशी करते तो कोन) मोजा, अंतर गुणिले त्या कोनाचा टॅन (कॅल्क्युलेटरवर मिळतो), झाली उंची. पण पार्कमध्ये टॉवरच्या पायथ्याशी तुम्हाला कोण जाऊ देणार? कुंपण असतं, आत मशिनरी असते. मग लोक कुंपणापासून पायथ्यापर्यंतचं अंतर "असेल सात-आठ मीटर" म्हणून ठोकून देतात आणि पुढचं सगळं गणित त्या ठोकताळ्यावर उभं राहतं. हे करू नका. पायथ्याला हात न लावता उंची काढता येते, फक्त दोन जागांवरून कोन मोजायचे.

कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूतून नट बांधलेला दोरा सोडा. स्ट्रॉमधून वर बघायचं आणि दोरा कुठल्या आकड्यावर लोंबतोय ते वाचायचं. आता इथे दोन भानगडी आहेत. पहिली, वाऱ्याने दोरा हलत राहतो आणि कोनमापक डोळ्यापासून खाली आणून वाचायला गेलं की आकडा गेलाच. म्हणून बघणाऱ्याने नेम धरून ठेवायचा, दोरा शांत झाला की चिमटीत पकडून कोनमापकावर दाबायचा, आणि मग दुसऱ्याने येऊन वाचायचं. बघणारा वेगळा, वाचणारा वेगळा, यात तडजोड नाही, कारण एकटं पोर आपल्याला हवा तोच आकडा वाचतं. दुसरी भानगड म्हणजे स्ट्रॉ आडवी असताना दोरा ९० वर असतो, त्यामुळे उन्नतकोन म्हणजे ९० आणि वाचलेला आकडा यांच्यातला फरक. दोरा ६५ वर असेल तर कोन २५. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी ६५ च लिहितं आणि मग त्यांचा टॉवर ढगात जातो.

नेम टॉवरच्या शेंड्यावर धरायचा नाही, सीट सगळ्यात वर जाऊन जिथे क्षणभर थांबते तिथे धरायचा. शेंड्याच्या उंचीचा आपल्याला काही उपयोग नाही, तिथून कुणी पडत नाही.

आता जागा. आधी अशी जागा शोधा जिथून कोन बरोबर ४५ येतो. मग टॉवरकडे पाठ करून सरळ रेषेत लांब जा, जमीन सपाट हवी, चढ-उतार नको, आणि दुसरा कोन मोजा. दोन जागांमधलं अंतर पावलांनी मोजायचं. पाऊल किती लांब आहे ते घरी १० मीटर टेप टाकून, नेहमीच्या चालीने चालून आधीच काढून ठेवा. पार्कमध्ये मुद्दाम ढांगा टाकत चालणारं एक पोर असतंच, त्याला मोजायला लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किती लांब जायचं? बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं "थोडं मागे जा". थोडं मागे गेलात तर सगळं मुसळ केरात. समजा सीट तुमच्या डोळ्यांच्या पातळीपासून खरोखर २४ मीटर वर आहे. ४५ अंशाच्या जागेवरून तुम्ही जेमतेम ४.६ मीटर मागे गेलात, तर तिथे कोन ४० येतो. घरी बनवलेल्या यंत्रात एका अंशाची चूक कुणाचीही होते, म्हणजे तुम्ही ४१ वाचलंत. उत्तर येतं ३०.६ मीटर! एका अंशामुळे दोन मजले वाढले. त्याऐवजी चांगलं २७.५ मीटर मागे जा, तिथे कोन २५ येईल, आणि तो चुकून २६ वाचलात तरी उत्तर २६.२ मीटर येतं. चूक आहेच, पण सहन होण्यासारखी. म्हणून माझा नियम असा की दोन कोनांत निदान २० अंशांचा फरक पडेपर्यंत मागे जात राहायचं, मध्ये झाड, टॉयलेटची भिंत, आइस्क्रीमची गाडी काहीही आलं तर दुसरी दिशा धरायची. आणि हे काम पार्क उघडल्या उघडल्या करायचं, गर्दी झाल्यावर सरळ रेषेत तीस मीटर चालून दाखवा!

गणित: दोन्ही कोनांचे कॉट घ्या (म्हणजे १ भागिले टॅन), त्यांची वजाबाकी करा, दोन जागांमधल्या अंतराला तिने भागा. वरच्या उदाहरणात कॉट २५ म्हणजे २.१४४५, कॉट ४५ म्हणजे १, फरक १.१४४५, आणि २७.५ भागिले १.१४४५ म्हणजे २४. जमिनीपासूनची उंची हवी असेल तर त्यात डोळ्यांची उंची मिळवा. ज्या मुलांना अजून टॅन माहीत नाही त्यांना आलेख कागद द्या, १ सेंमी म्हणजे २ मीटर, खाली आडवी रेघ, तिच्यावर दोन बिंदू, दोन्हीवर कोनमापक ठेवून रेघा काढा, जिथे मिळतील ती सीट. उत्तर तितकंच चांगलं येतं आणि खरं सांगू का, टॅन पाठ असलेल्या मोठ्यांपेक्षा कागदावर रेघा काढणाऱ्या छोट्यांना हे प्रकरण जास्त कळतं.

४५ अंशाच्या जागेचा एक फायदा अजून बाकी आहे. तिथून टॉवरचं अंतर आणि सीटची उंची सारखीच, म्हणजे आता तुम्हाला अंतरही कळलं, २४ मीटर. मग त्याच जागेवरून ब्रेक लागायला सुरुवात होते त्या ठिकाणाचा कोन घ्या. तो १५ आला तर ती जागा डोळ्यांच्या वर २४ गुणिले ०.२६८, म्हणजे साधारण ६.४ मीटर. मोकळं पडणं फक्त मधल्या १७.६ मीटरचं. हे न करता पूर्ण उंची सूत्रात घालणारे पुढे वेग जास्त काढतात आणि मग घर्षणाला शिव्या घालतात.

५. वेळ

स्टॉपवॉच नको. बटण दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात (पट्टी सोडून पकडायचा खेळ खेळून बघा, पट्टी २० सेंमी घसरली म्हणजे ०.२ सेकंद गेले). १.९ सेकंदांच्या जागी १.७ आले की उंची १४ मीटर निघते आणि २.१ आले की २१ च्या वर, कारण उंची म्हणजे ४.९ गुणिले वेळेचा वर्ग. व्हिडिओ काढा, एका सेकंदात ३० फ्रेम असतील तर सुटल्यापासून ब्रेकपर्यंतच्या फ्रेम मोजा. १७.६ मीटरला हिशोबाने १.९ सेकंद, म्हणजे ५७ फ्रेम यायला हव्यात. एक-दोन इकडेतिकडे झाल्या तर चालतंय.

६. वेग

९.८ (पडताना दर सेकंदाला वेग इतका वाढतो) गुणिले वेळ. १.९ सेकंदांना १८.६ मीटर प्रति सेकंद, ३.६ ने गुणलं की ताशी ६७ किमी. हाच आकडा ऊर्जेच्या सूत्राने पण काढून घ्या, स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे असलेली) बरोबर गतिज ऊर्जा (वेगामुळे असलेली), दोन्हीकडचं वस्तुमान कटतं. ते कटलं की पोरांना विचारा, जाड्या मामा आधी खाली येईल की तू? ब्रेक बऱ्याच टॉवरना चुंबकाचे असतात, सीटला लावलेली चुंबकं धातूच्या पट्ट्यांजवळून गेली की पट्ट्यांत विजेचे भोवरे तयार होतात आणि ते सीटला अडवतात, त्यामुळे लाइट गेली तरी ब्रेक लागतातच. घाबरणाऱ्या पोराला हे सांगितलं की ते रांगेत उभं राहतं, निदान माझा अनुभव तसा आहे.

७. बाकीच्या राइड्स, येताजाता

कोलंबस: एका टोकापासून परत त्याच टोकाला यायला किती सेकंद, पाच झोके मोजून पाचने भागा. सेकंदांचा वर्ग करून चारने भागलं की झोक्याची लांबी मीटरमध्ये, अंदाजे. ६ सेकंद म्हणजे ९ मीटर. जहाज नुकतंच सुरू होऊन थोडं थोडं झुलत असतं तेव्हाच मोजा, खूप वर जायला लागलं की झोका जास्त वेळ घेतो आणि पुस्तकातलं सूत्र तिथे चालत नाही.

साखळ्यांच्या गोल फिरणाऱ्या खुर्च्या: यावर मी सगळ्यांकडून पैज लावून घेते. रिकामी खुर्ची जास्त बाहेर फेकली जाईल की माणूस बसलेली? मागे एक काका ठामपणे म्हणाले रिकामी, हलकी आहे ना, आणि त्यांची मुलगी म्हणाली भरलेली, जड आहे ना. फिरायला लागल्यावर दोघंही बघत राहिले, कारण शेजारशेजारच्या रिकाम्या आणि भरलेल्या खुर्चीच्या साखळ्या एकाच तिरकेपणाने चालल्या होत्या. वस्तुमान इथेही कटतं, कोन ठरतो तो वेगाने आणि त्रिज्येने. आणि "बाहेर फेकणारं बल" वगैरे सांगू नका, साखळी आत ओढतेय म्हणून खुर्ची गोल फिरते, साखळी नसती तर सरळ निघून गेली असती.

मेरी-गो-राउंड छोट्यांसाठी. आतला घोडा आणि बाहेरचा घोडा एकाच वेळेत फेरी पूर्ण करतात, मग जास्त जोरात कोण पळतो? परीघ काढा.

आकाशपाळणा: ज्याला काही येत नाही त्यालाही गुणाकार येतो. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने जो पहिला प्रचंड पाळणा उभा केला तो साधारण ८० मीटर उंच होता, ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसं. किती झाली ते वर पोहोचेपर्यंत तोंडी.

रोलर कोस्टरच्या लूपकडे फक्त लक्ष द्या की तो गोल नाहीये, उलट्या थेंबासारखा आहे. पूर्ण गोल असता तर माथ्यावरून जेमतेम न पडता जाण्याइतक्याच वेगाच्या गाडीतल्या माणसाला खाली आपल्या वजनाच्या सहापट दाब सोसावा लागला असता. म्हणून खाली त्रिज्या मोठी, वर लहान. वेग काढायचाच असेल तर गाडीची लांबी भागिले एका खांबासमोरून अख्खी गाडी जायला लागलेला वेळ, परत व्हिडिओवरूनच. १२ मीटरची गाडी २४ फ्रेममध्ये गेली तर ०.८ सेकंद, म्हणजे ताशी ५४ किमी.

८. रांग

रांगेत पोरं भांडतात, तेव्हा त्यांना हे द्या. एका खेपेला २४ माणसं, खेप ४ मिनिटांची, पुढे ९० माणसं, आपला नंबर कितव्या खेपेला आणि किती मिनिटांनी? चौथ्या खेपेला, म्हणजे आधीच्या तीन खेपांची १२ मिनिटं आणि आत्ता चालू असलेली संपायला जो वेळ लागेल तो. कुणी घुसलं तर आपली खेप बदलते का हे पण लगेच कळतं.

९. बोर्ड शेवटी

राइडजवळ उंचीचा बोर्ड असेल तर त्याच्याकडे सकाळी पाठ करून उभे राहा, नाहीतर सगळ्यांची मोजमापं चमत्कार झाल्यासारखी बोर्डाशी जुळतात. संध्याकाळी निघताना दाखवा. बोर्डावरचा आकडा बहुतेक अख्ख्या टॉवरचा असतो, सीटचा नाही, त्यामुळे तुमचं उत्तर त्याहून कमी यायलाच पाहिजे, आणि जास्त आलं असेल तर वही उघडून आधी बघा कुणी ९० मधून वजा करायचं विसरलंय का.