पक्षी जातात तेव्हाची तयारी

थंडीत नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात निरीक्षण मनोऱ्यावर चढायला रांग लागते. मार्चमध्ये तोच मनोरा रिकामा असतो, आणि मला हवा असतो तो नेमका हाच महिना, कारण थंडीचे पाहुणे पक्षी परत कधी जातात ते मला टिपायचं असतं. म्हणून सगळ्यात आधी कॅलेंडर काढा आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिल संपेपर्यंतचे रविवार अडवून ठेवा. मध्ये एखादं लग्न आलं तर शनिवारी जा, पण आठवडा चुकवू नका. पक्षी आल्याची तारीख एका फेरीत मिळते. गेल्याची तारीख मात्र पुढच्या दोन फेऱ्यांत तो दिसला नाही की मगच कळते. वहीत ‘दिसला नाही’ हा रकाना आधीच आखून ठेवा. पहिल्या वर्षी मी फक्त दिसलेले पक्षी लिहीत गेलो. चक्रवाक त्या रविवारी खरंच गेले होते की मीच घरी झोपलो होतो, हे वहीवरून काही केल्या कळेना.

दुर्बीण ८ × ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची पुरे. दहापटीच्या मोहात पडलात तर हात थरथरला की बदकही थरथरतं. पट्टा आदल्या रात्री ओढून बघा. माझा चापडगावच्या बांधावर तुटला, काच वाचवताना गुडघा फुटला. पेनऐवजी पेन्सिल घ्या, घामाने ओल्या झालेल्या कागदावरही ती चालते. टोपी, मातकट शर्ट, माणशी दोन लिटर पाणी. खाण्याचं आईवर सोडा, ती गरजेपेक्षा जास्तच बांधून देते.

नाशिक पहाटे पाचला सुटलं पाहिजे, अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं हे पाणी २०१९ मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं. बंधाऱ्यामागचा फुगवटा मोठा आहे, त्यामुळे सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा. साडेनऊनंतर पाण्यावरची हवा लहरायला लागते आणि लांबचं प्रत्येक बदक सारखंच दिसतं.

निघण्याआधी एक संध्याकाळ ओळखीच्या उजळणीला द्या, कारण जाण्याच्या आधी पुष्कळ पक्षी कपडे बदलतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला मादीसारखा दिसणारा भुवई बदकाचा नर आता पांढरी भुवई मिरवतो. पिवळ्या धोब्याच्या डोक्याचा रंग आता कुठे स्पष्ट होतो. भोरड्यांचं, म्हणजे गुलाबी मैनांचं, तर आणखी गमतीचं आहे. हिवाळ्यात त्यांचं गुलाबी अंग मळकट वाटतं. पिसांची फिकट टोकं झिजत जातात तसा खालचा गुलाबी उजळतो. म्हणजे रंग नवा येत नाही, वरचा मळ उतरतो. त्यांच्यासाठी पाणी सोडून पळस आणि काटेसावर गाठा. पेठच्या वाटेवर फुललेल्या एका पळसाखाली मी तासभर उभा होतो. फांदी दिसत नव्हती, नुसता कलकलाट होता. एक नर अगदी खालच्या फुलात चोच घालून मागे झाला तेव्हा त्याच्या कपाळाला पराग चिकटला होता. इथून त्यांना मध्य आशियात जायचं आहे, तिथे टोळ-नाकतोड्यांवर पिल्लं वाढवायची आहेत.

भोरड्यांची नोंद करताना निफाडकडच्या शेतकऱ्यांचे फोन नंबर जवळ असू द्या. ज्वारीवर आणि द्राक्षांवर राखण करणाऱ्याइतका या पक्ष्यावर डोळा कुणाचाच नसतो. मी विचारतो, “दादा, गेल्या का भोरड्या?” पलीकडून येतं, “परवापासून आवाज नाही, भाऊ. पाडव्यापर्यंत राहिल्या असत्या तर मीच पोचवून आलो असतो.” ही तारीखही वहीत जाते, पण शेजारी ‘ऐकीव’ असं लिहून.

फुलपाखरांसाठी वेगळी तयारी लागते, आणि अपेक्षा थोडी आवरावी लागते. चैत्रातल्या कोरड्या उन्हात आपल्याकडे ती कमीच. ओढ्याकाठची ओली माती आणि बहाव्याची कोवळी पालवी बघा. कॉमन एमिग्रंट नावाचं फुलपाखरू तिथे एकेक अंडं घालतं, पांढरं, उभं, दोन्ही टोकांना निमुळतं. एकाच दिशेने ओळीने फुलपाखरं जाताना दिसली तर फोटोमागे धावू नका. दोन झाडांमधली जागा धरा, घड्याळ लावून पाच मिनिटांत किती ओलांडतात ते मोजा, होकायंत्रावर दिशा बघा, वारा कुठून आहे ते लिहा. फुलात रमलेली मोजायची नाहीत.

घरी आल्यावर त्याच रात्री यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथे ‘दिसलेले सगळे पक्षी नोंदवले का’ असा प्रश्न येतो. खरं उत्तर द्या, कारण ‘हो’ म्हटलं तरच तुमच्या यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो.

एप्रिल संपला की वही कपाटात टाकू नका. पुढचं पान चातकाला ठेवा. तो आफ्रिकेकडून पावसाच्या पुढेमागे येतो, आणि त्याच्या पहिल्या हाकेच्या तारखेसाठी जूनमध्ये खिडकी उघडी ठेवून झोपावं लागतं. मच्छरदाणी आत्ताच धुऊन घ्या.