जर्मन जनरलांचे हुद्दे लिहिताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खांद्यावरच्या चांदण्या मोजून हुद्दा ठरवणं. महायुद्धावरच्या एका अनुवादाचं हस्तलिखित माझ्याकडे तपासायला आलं होतं. फोटोत अधिकाऱ्याच्या खांद्यावर लाल कापडावर सोनेरी-रुपेरी दोऱ्यांचा पीळ, त्यावर एकच चांदणी. खाली ओळ: ‘ब्रिगेडियर’, कारण अमेरिकी सैन्यात एक चांदणी म्हणजे ब्रिगेडियर जनरल. प्रत्यक्षात तो गेनेराललॉयटनंट, डिव्हिजनचा प्रमुख! या एका ओळीपायी पुढच्या मजकुरात आणि नकाशांतही त्याच्या डिव्हिजनची ब्रिगेड झाली होती. सगळं निस्तरताना नाकी नऊ आले, आणि हे केवळ दोन मिनिटं वाचवण्यापायी.

दुसऱ्या महायुद्धातली उतरंड अशी: गेनेरालमायोरच्या पिळावर एकही चांदणी नाही, गेनेराललॉयटनंटला एक, त्यावरच्या ‘गेनेराल डेर इन्फंटरी’ला (किंवा तोफखाना, घोडदळ, पान्झर, ज्याचं जे दल) दोन, गेनेरालओबर्स्टला तीन. फील्डमार्शलच्या खांद्यावर एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन दंड. यात ब्रिगेडियर जनरल नावाची पायरीच नाही. ती १९५५ नंतर बुंडेसवेअरमध्ये, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्यात, आली आणि जुने हुद्दे एकेक पायरी वर सरकले. जर्मन अधिकारी हान्स श्पायडेल १९४४ मध्ये गेनेराललॉयटनंट होते आणि १९५५ मध्ये बुंडेसवेअरमध्येही त्याच हुद्द्यावर रुजू झाले. नाव तेच, पण आधी खालून दुसरी पायरी, नंतर तिसरी. म्हणून इंटरनेटवरचे तयार तुलनातक्ते डोळे झाकून उतरवू नका. तक्ता कोणत्या वर्षाचा आहे हे न पाहणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

‘जनरल स्टाफमधला’ म्हणजे जनरल नव्हे; जनरल स्टाफ म्हणजे युद्धाच्या योजना आखणारं अधिकारीमंडळ. हिटलरवर बॉम्बहल्ला करणारे श्टाउफेनबेर्ग जनरल स्टाफचे अधिकारी होते, पण हुद्दा कर्नलचा.

जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ यांना फील्डमार्शल करू नका. पहिल्या महायुद्धाची सूत्रं हाती असूनही ते ‘गेनेराल डेर इन्फंटरी’च राहिले.

स्टालिनग्राडला लढलेल्या जर्मन सैन्याचे प्रमुख पाउलस यांच्या नावात ‘फॉन’ (सरदार घराण्याची खूण) नाही. कृपा करून घालू नका.

त्याच पाउलस यांच्या बाबतीत दुसरी चूक तारखेची होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडला वेढा पडला, तेव्हा ‘फील्डमार्शल पाउलस’ कुठून येणार? त्या वेळी ते पान्झर दलाचे जनरल होते. ३० नोव्हेंबरला गेनेरालओबर्स्ट झाले, ३० जानेवारी १९४३ ला फील्डमार्शल, आणि दुसऱ्याच दिवशी सोव्हिएत सैन्याच्या हाती सापडले. माझी सवय साधी आहे: कच्च्या मसुद्यात प्रत्येक हुद्द्याशेजारी पेन्सिलीने बढतीची तारीख लिहायची, आणि प्रसंगाची तारीख त्याआधीची निघाली की हुद्दा तिथल्या तिथे बदलायचा. वेळ लागतो. ज्यांना तेवढीही सवड नाही, त्यांनी हुद्दा गाळून नुसतं नाव लिहावं. चुकीच्या हुद्द्यापेक्षा ते केव्हाही बरं.