पुढचा सीईओ कोण? अंदाज बांधताना या चुका टाळा

मोठ्या टेक कंपनीचा प्रमुख पायउतार होणार अशी कुणकुण लागली की तासाभरात दहा-दहा नावांच्या याद्या फिरू लागतात. कंपनी बदलते, चुका मात्र त्याच राहतात. बहुतेकांचं मूळ एकच आहे: लोक नावापासून सुरुवात करतात आणि संचालक मंडळाला पुढच्या माणसाकडून कोणतं काम करून घ्यायचं आहे, हे बघतच नाहीत.

प्रसिद्ध नाव धरून बसणं

याचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे मायक्रोसॉफ्ट. 23 ऑगस्ट 2013 रोजी तेव्हाचे सीईओ स्टीव्ह बाल्मर यांनी बारा महिन्यांत निवृत्त होणार असं जाहीर केलं. काही दिवसांतच दोन नावं डोक्यावर घेतली गेली. एक फोर्डचे ॲलन मुलाली, ज्यांनी सरकारी बेलआउटशिवाय कंपनी सावरली होती. दुसरे नोकियाचे स्टीफन इलॉप. नोकियाचा फोन-व्यवसाय विकत घेण्याचा करार सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर झाला, इलॉप मायक्रोसॉफ्टमध्ये परतणार हे ठरलं आणि सट्टेबाजांनी त्यांना पुढे काढलं. डिसेंबरात चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचे स्टीव्ह मोलेनकॉफ यांचं नाव आलं. लगोलग, 13 डिसेंबरला, क्वालकॉमने त्यांनाच आपला पुढचा सीईओ जाहीर करून टाकलं. जानेवारी 2014 मध्ये मुलाली यांनी आपण फोर्डमध्येच राहणार असं स्पष्ट केलं. 4 फेब्रुवारीला निवड झाली सत्या नडेला यांची.

आता त्या पाच महिन्यांत उघड्यावर काय पडलं होतं ते बघा. बाल्मर यांच्या निवेदनात कंपनी ‘उपकरणं आणि सेवा’ देणारी होणार असं लिहिलं होतं. सगळ्यांनी ‘उपकरणं’ वाचलं आणि फोन बनवणारा माणूस शोधायला घेतला. ‘सेवा’ हा शब्द कोणाच्या खिजगणतीत नव्हता. नडेला 1992 पासून कंपनीत होते आणि 2011 पासून सर्व्हर-टूल्सचा, म्हणजे कंपन्यांना लागणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरचा, विभाग सांभाळत होते. जून 2013 ला संपलेल्या वर्षात या विभागाचं उत्पन्न सुमारे 20 अब्ज डॉलर होतं. जुलै 2013 च्या फेररचनेत क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी संगणकसेवा) आणि एंटरप्राइझ विभाग त्यांच्याच हाती आला. हे सगळं छापील होतं, फक्त कोणी उघडून पाहत नव्हतं. शोधसमितीचे प्रमुख जॉन थॉम्पसन यांनी डिसेंबरात लिहिलं होतं की शंभराहून अधिक नावांपासून सुरुवात करून ते साधारण वीसांवर आले आहेत. म्हणजे बातम्यांत फिरणारी चार-पाच नावं हा त्या यादीचा जेमतेम एक कोपरा होता. तरी लोक त्या कोपऱ्यावर पैजा लावत होते. ज्या इलॉप यांच्यावर डाव लागला, ते जून 2015 मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने त्या फोन-व्यवसायापोटी सुमारे 7.6 अब्ज डॉलर बुडीत दाखवले.

माझी पद्धत साधी आहे आणि ती घाईच्या माणसाला आवडणार नाही. एकही नाव लिहायच्या आधी कंपनीच्या वार्षिक अहवालातला विभागवार नफ्याचा तक्ता काढायचा. उत्पन्नाचा नव्हे, परिचालन नफ्याचा, म्हणजे धंद्याचा खर्च वजा जाऊन उरणाऱ्या पैशांचा. ॲमेझॉनचा 2020 चा तक्ता घ्या: एकूण परिचालन नफा सुमारे 22.9 अब्ज डॉलर, त्यातले 13.5 अब्ज एकट्या एडब्ल्यूएसचे, म्हणजे क्लाउड विभागाचे. तो विभाग अँडी जॅसी चालवत होते. ऑगस्ट 2020 मध्ये किरकोळ विक्रीचा विभाग पाहणारे, बरोबरीचे दावेदार मानले जाणारे जेफ विल्की पुढच्या वर्षी निवृत्त होणार हे जाहीर झालं. उरलं काय? 2 फेब्रुवारी 2021 ला जॅसी यांचं नाव आलं, तेव्हा चकित होण्यासारखं काही नव्हतं.

क्रमांक दोन म्हणजे वारसदार, हे गृहीत धरणं

ॲपलमध्ये टिम कुक सीओओ (रोजचं कामकाज पाहणारे मुख्य अधिकारी) होते आणि ऑगस्ट 2011 मध्ये सीईओ झाले. तेव्हापासून ‘सीओओच पुढे येतो’ हा जणू नियमच होऊन बसला. कुक यांची खरी खूण पदनामात नव्हती. स्टीव्ह जॉब्स आजारपणाच्या रजेवर गेले तेव्हा 2004, 2009 आणि 2011 अशी तीन वेळा कुक यांनी कंपनी प्रत्यक्ष चालवली होती. नंतर जेफ विल्यम्स सीओओ झाले तेव्हा वर्षानुवर्षं त्यांना ‘पुढचे’ म्हणून मिरवलं गेलं. पण ते कुक यांच्याहून तीनेक वर्षांनीच लहान! जुलै 2025 मध्ये ते सीओओ पद सोडणार आणि पुढे निवृत्त होणार हे जाहीर झालं.

म्हणून वयाचं गणित आधी मांडा. अमेरिकी कंपन्यांच्या वार्षिक अहवालात किंवा भागधारकांना पाठवल्या जाणाऱ्या प्रॉक्सी निवेदनात वरिष्ठ अधिकाऱ्यांची वयं दिलेली असतात. ऐकीव वय वापरू नका. नेमणुकीच्या वेळी कुक 50 वर्षांचे होते, नडेला 46, गूगलचे सुंदर पिचाई 43, जॅसी 53. शांतपणे सूत्रं सोपवायची असतील तर मंडळ बहुधा आठ-दहा वर्षं टिकेल असा माणूस बघतं. 68 वर्षांचे मुलाली या हिशोबात पहिल्या दिवसापासून अवघड होते. कंपनी अडचणीत असेल तर मात्र हे गणित मोडतं. इंटेलने मार्च 2025 मध्ये लिप-बू टॅन यांना आणलं तेव्हा ते 65 वर्षांचे होते, कारण तिथे दुरुस्ती करणारा माणूस हवा होता. तेव्हा वय तपासण्याआधी कंपनी कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवा.

हंगामी प्रमुखाला पक्का समजणं

याहू 2012: हंगामी प्रमुख रॉस लेव्हिन्सन यांनाच पद मिळणार असं सगळे धरून चालले होते, आल्या गूगलच्या मरिसा मायर. इंटेल 2018: हंगामी बॉब स्वान सात महिन्यांनी कायम झाले. इंटेल 2024: दोन हंगामी सहप्रमुख, दोघांपैकी एकही कायम नाही. म्हणजे ‘हंगामी’ या पदावरून काहीच ठरत नाही. अमेरिकी बाजारात नोंदलेल्या कंपनीला असा बदल झाल्यापासून चार कामकाजी दिवसांत बाजार नियामकाकडे फॉर्म 8-के (महत्त्वाच्या घडामोडींची जाहीर नोंद) भरावा लागतो. त्यातला वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदलाविषयीच्या कलम 5.02 चा मजकूर पूर्ण वाचा: शोधसमिती नेमली का, बाहेरची शोधसंस्था घेतली का, अंतर्गत आणि बाहेरचे दोन्ही उमेदवार पाहणार असं लिहिलंय का. मथळा वाचून अंदाज ठोकणाऱ्यांनी हे पान उघडलेलंच नसतं.

काही चुका थोडक्यात:

‘मला रस नाही’ या विधानावरून नाव खोडू नका. तेव्हा एचपी एंटरप्राइझच्या प्रमुख असलेल्या मेग व्हिटमन यांनी जुलै 2017 मध्ये उबरला जाहीर नकार दिला आणि ऑगस्टअखेर त्या पुन्हा चर्चेत होत्या. पद मिळालं एक्सपीडियाचे दारा खोस्रोशाही यांना.

नाव फुटलं की ते कोणाच्या फायद्याचं आहे, हे आधी विचारा.

संस्थापकाच्या हाती निम्म्याहून जास्त मतं असतील, जसं मेटात आहे, तर मंडळाच्या मनात काय आहे याची चर्चा करण्यात वेळ घालवू नका. तिथे एकाच माणसाचं मत बघायचं असतं.

शेअर वधारला म्हणून निवड बरोबर ठरत नाही. बाल्मर यांच्या घोषणेच्या दिवशी मायक्रोसॉफ्टचा शेअर सुमारे 7 टक्क्यांनी वर गेला होता, तेव्हा पुढचा कोण हे बाजारालाही माहीत नव्हतं.

आणि राजीनाम्याची वाट पाहून कामाला लागू नका. ठरवून होणाऱ्या बदलांत घोषणा आणि नवं नाव एकाच दिवशी येतं. ॲपल, ॲमेझॉन, आयबीएम तिन्हीकडे तसंच झालं. अशा कंपन्यांचा माग आधीच्या वर्ष-दीड वर्षातल्या जबाबदाऱ्यांच्या वाटपात लागतो. ऑक्टोबर 2014 मध्ये तेव्हाचे प्रमुख लॅरी पेज यांनी गूगलची बहुतेक उत्पादनं सुंदर पिचाई यांच्याकडे दिली, ऑगस्ट 2015 मध्ये त्यांना सीईओ म्हणून जाहीर केलं. मी प्रत्येक कंपनीसाठी एक तक्ता ठेवतो: अधिकारी, वय, हाती असलेला विभाग, त्या विभागाचा नफा, शेवटचा फेरबदल कधी. तिमाही निकाल आले की तो भरतो. गुडघ्याला बाशिंग बांधून नावं जाहीर करण्यापेक्षा या तक्त्यातला एक रकाना रिकामा का राहिला हे शोधणं जास्त कामाचं असतं, कारण बदलाची पहिली खूण बहुतेकदा तिथेच दिसते: कोणाचा तरी विभाग जातो आणि त्याच दिवशी दुसऱ्याचा वाढतो.