डिझेल गाडीचा ऑइल फिल्टर घरी बदलताय? या चुका टाळा

फिल्टर बदलून गाडी सुरू केली आणि मिनिटाभरात खाली ऑइलचं थारोळं झालं, तर दोष बहुधा नव्या फिल्टरचा नसतो. डब्यासारखा, फिरवून बसवायचा फिल्टर असेल, तर आधी संशय घ्यावा जुन्या फिल्टरच्या रबराचा. ते इंजिनाच्या बैठकीलाच चिकटून राहतं आणि नवा फिल्टर त्याच्यावर चढवला जातो. हाताला सगळं घट्ट लागतं. पण पंपाचा दाब आला की वरचं रबर बाजूला सरकतं आणि ऑइल भसाभस बाहेर पडतं. टर्बोच्या बेअरिंगला ऑइलच्या थराशिवाय दुसरा आधार नसतो, त्यामुळे पहिला फटका त्याला बसतो. जुना फिल्टर काढल्याकाढल्या त्याच्या तोंडाशी रबर आहे का ते बघा. नसेल तर बैठकीवरून बोट फिरवा. तिथे अंधार, रबरही काळं, नुसत्या डोळ्यांनी चटकन दिसत नाही. मग फडक्याने बैठक कोरडी पुसून घ्या.

नव्या रबराला बोटाने ताजं ऑइल लावा. कोरडं रबर बैठकीवर घासून पिळलं जातं. फिल्टर हातानेच फिरवायचा, रबर टेकलं की पुढे साधारण पाऊण फेरा, बस्स. पाना फक्त काढण्यासाठी. ‘जरा अजून आवळू’ म्हणून पान्याने ताणलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही. मग त्यात स्क्रूड्रायव्हर ठोकून फिरवायला जावं, तर पत्रा फाटतो आणि बूड जागेवरच राहतं.

हल्लीच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत मात्र प्लास्टिकच्या झाकणाखाली नुसता कागदी फिल्टर असतो. इथल्या चुका वेगळ्या. झाकणाची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडं, दर वेळी नवीच घालायची आणि जुनी ज्या खाचेत होती त्याच खाचेत. एक खाच वर-खाली झाली तरी गळती ठरलेली. काही झाकणांच्या दांड्यावर आणखी एक छोटी रिंग असते, ती बदलायची हमखास राहून जाते. काही फिल्टरांच्या बुडाला प्लास्टिकची खुंटी असते. ती फिल्टरच्या घराच्या तळातल्या भोकात बसली पाहिजे. न बसवता झाकण आवळलं तर खुंटी मोडते, ऑइल फिल्टरमधून न जाता परस्पर परत फिरतं आणि दाब पडतो. पुष्कळशा झाकणांवर २५ न्यूटन-मीटर असा आकडा छापलेला असतो, तो पाळा. जास्त आवळलं तर प्लास्टिक तडकतं.

आता गाडीखालचं काम. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावाच. इंजिन कोमट हवं, म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट निथळतं. गाडी नुकतीच लांबून आली असेल तर तासभर थांबा.

जुनं ऑइल काढायला इंजिनाचा ड्रेन प्लग उघडायचा, पण चुकून गिअरबॉक्सचा प्लग उघडणारे कमी नाहीत. ओळख सोपी आहे: डिझेल इंजिनाचं वापरलेलं ऑइल काळंकुट्ट निघतं. पिवळसर किंवा लालसर धार लागली तर लगेच प्लग बंद करा. लक्षात आलं नाही, तर गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि इंजिनात दुप्पट ऑइल जातं. ड्रेन प्लगचं वायसर नवं घाला आणि पहिले काही आटे हातानेच चढवा. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, ॲल्युमिनियमचं असलं, तर वाकडा धरलेला पोलादी प्लग आटे खाऊन टाकतो.

गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर ऑइल त्याला चालणारंच हवं, म्हणजे कमी राखेचं. एसीईए या युरोपीय वाहन उत्पादक संघटनेच्या सी२, सी३ अशा ग्रेडपैकी पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं. राख डीपीएफमध्ये साठत जाते आणि काजळीसारखी जळून जात नाही.

पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा आणि इंजिन सुरू करा. रेस अजिबात नको. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. १० सेकंदांनंतरही पेटलेला असेल तर इंजिन बंद करा आणि फिल्टर पुन्हा तपासा. विझला तर दोन मिनिटं आयडलला ठेवून खाली नजर टाका. मग इंजिन बंद करून, सपाट जागेवर १० मिनिटांनी डिपस्टिक बघा. फिल्टर भरल्यामुळे पातळी उतरलेली असते. आता थोडं थोडं घालून वरच्या खुणेच्या जरा खाली थांबा. डिझेलमध्ये जादा ऑइल खरोखर धोक्याचं आहे. क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो, आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ते हवेच्या वाटेला लागलं तर इंजिन त्याच ऑइलवर धावू लागतं. तेव्हा चावी काढली तरी ते बंद होत नाही. पातळी वर गेली असेल तर काढून घ्या, ‘जळून जाईल’ म्हणून सोडू नका.

नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडलं तर घाबरू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. सकाळी सुरू करताना क्षणभर खडखड येऊ लागली, तर फिल्टरमधलं ऑइल परत न जाऊ देणारं झडप नीट धरत नसेल. स्वस्त फिल्टरांत हे होतं, चांगला फिल्टर घाला. आणि ऑइल कमी होण्याऐवजी डिपस्टिकवर वर चढत असेल, तर बहुधा डीपीएफची सफाई अर्धवट राहून ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय. ते पातळ झालेलं ऑइल मुदतीची वाट न बघता बदला, आणि त्याबरोबर फिल्टरही.