लॅपटॉप बघायला जाताना पेन ड्राइव्ह भरून न्या

सिनेमे बघायला स्वस्तातला लॅपटॉप घेणार असाल, तर पैसे काढायच्या आधी एक पेन ड्राइव्ह भरा. त्यात रात्रीचे, अंधारे प्रसंग असलेला एक सिनेमा, एक कीर्तन आणि घरच्या लग्नाचा व्हिडिओ घ्या. दुकानातल्या पडद्यावर जे निळे समुद्र आणि पोपट फिरत असतात, ते पडदा चांगला दिसावा म्हणूनच निवडलेले असतात. आपल्याला मावशीच्या चेहऱ्याचा रंग पाठ आहे, तो बघायचा. मावशी निळसर दिसली की पुढचं मॉडेल मागा.

अंधारा प्रसंग लावून पडदा मागे-पुढे कलवा. स्वस्त टीएन पॅनल (पडद्याचा साधा प्रकार) असेल तर कोन बदलताच काळ्याचं राखाडी होतं. पलंगावर तिघं मिळून बघणार असाल तर आयपीएसच (कोन बदलला तरी रंग टिकवणारा पडदा) घ्या आणि १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या, म्हणजे फुल एचडीच्या खाली उतरू नका. पडद्याचा उजेड ‘निट’मध्ये मोजतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये २५० निट सर्रास मिळतात. खोलीत आणि रात्री गच्चीवर तेवढे पुरतात, दुपारी ओसरीवर नाही. पण मे महिन्यात परभणीत दुपारी ओसरीवर बसतंय कोण!

कीर्तन आवाजासाठी. दुकानात एसी गपगार चालतो, आपल्या घरी कूलर घोंघावतो, हे ध्यानात ठेवा. स्वस्त लॅपटॉपचे स्पीकर दोन-दोन वॉटचे आणि बहुतेक वेळा पोटाखाली असतात. टेबलावर बरे वाजतात, गादीवर ठेवले की महाराज घोंगडीतून बोलल्यासारखे वाटतात. म्हणून दुकानदाराला पंखा फुल करायला सांगा आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन ऐका. लोक बघतील, बघू द्या. तशीच अर्धा तास मांडी अडवून बसा, म्हणजे लॅपटॉपचं बूड किती तापतं तेही कळेल. एसीत चटका बसत असेल, तर ४२ अंशांत काय होईल ते सांगायला नको.

‘बॅकअप किती तास?’ असं विचारलं की ‘आठ-दहा’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी बॅटरी किती वॉट-अवरची (तिच्यात किती वीज मावते) ते विचारा. व्हिडिओला साधारण दहा वॉट धरा आणि भागा: ४२ वॉट-अवर म्हणजे चार तासांच्या आसपास. नांदेडहून मुंबईला तपोवनने दिवसभर बसून जाताना दोन सिनेमे होतील, तिसरा खिडकीबाहेरचा. टाइप-सी पोर्टवरून चार्ज होतो का, तेही बघा. होत असेल तर ६५ वॉटची पॉवर बँक लाइट गेल्यावर कामाला येते. मोबाइलची नेहमीची पॉवर बँक इथे चालत नाही.

आता प्रोसेसर. इथे नावं फसवतात. एएमडी कंपनीच्या लॅपटॉपसाठीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा गाभ्याची, म्हणजे प्रोसेसरच्या मूळ रचनेची पिढी सांगतो. रायझन ५ ७५३०यू नवा वाटतो, पण आत झेन ३ हा जुन्या पिढीचा गाभा आहे आणि एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ (युट्यूबवर असतो तो) त्याच्या ग्राफिक्सला हार्डवेअरवर उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. गंमत म्हणजे ७३२०यू चा गाभा त्याहून जुना, झेन २. ग्राफिक्स मात्र नवं, त्यामुळे त्याला ते जमतं. इंटेलमध्ये एव्ही१ साठी कोअरची ११वी पिढी किंवा पुढची बघा. दुकानात युट्यूब लावून व्हिडिओवर राइट क्लिक करा, ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा आणि किती फ्रेम (व्हिडिओतली चित्रं) गळतात ते वाचा. शंभर जाहिरातींपेक्षा ती एक ओळ खरी. मेमरी ८ जीबी, साठवण एसएसडीच, ईएमएमसी (तिच्याहून संथ साठवण) नको.

जुना घेणार असाल तर इंटेलची ८वी पिढी ही खालची हद्द. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ८व्या पिढीहून जुन्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. गावाकडे रेंज नाही म्हणून सिनेमे उतरवून न्यायचा बेत असेल, तर नेटफ्लिक्सच्या भरवशावर राहू नका. विंडोज ॲपमधली डाउनलोडची सोय त्यांनी २०२४ मध्ये काढून टाकली.

आकार १४ इंची घ्या. एसटीत पुढचा माणूस मागे रेलला की १५.६ इंचीचा पडदा उघडत नाही, हे मी लातूर-संभाजीनगर प्रवासात गुडघ्यांवर शिकलो. वजन विचाराल तेव्हा चार्जरसकट विचारा. चार्जर तीन पिनांचा असेल तर घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, नाहीतर धातूच्या बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात. आणि बिल फाडायच्या आधी शेवटचं: सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे, की पुण्याला कुरिअर करून पंधरा दिवस मोबाइलवरच सिनेमे बघायचे आहेत?