चेस्टर बोल्सवर कॉलेजचा प्रोजेक्ट कसा करायचा (पडलेला गव्हर्नर, दोनदा राजदूत)

भाची टीवायबीएला आहे, तिला पॉलिटिकल सायन्सचा प्रोजेक्ट आला "राजकारणातून राजदूत झालेला अमेरिकन नेता", आणि बाईसाहेब थेट नौपाड्यात माझ्याकडे येऊन टपकल्या, मामा, कोणावर करू सांग. तीन रविवार गेले त्यात. कोणाला असाच विषय आला असेल तर आम्ही काय केलं ते लिहितो.

आधी माणूस निवडा, आणि शक्यतो जुना. तिच्या डोक्यात एरिक गार्सेटी होता, लॉस एंजेलिसचा मेयर, मग २०२३ ते २०२५ दिल्लीत राजदूत. माणूस इंटरेस्टिंग आहे पण दूतावासातल्या आतल्या तारा (टेलिग्राम), पत्रं बाहेर यायला वेळ लागतो. पन्नास-साठ वर्षं जुना घेतलात की सगळी भांडी उघडी पडलेली असतात. म्हणून मी म्हटलं चेस्टर बोल्स घे, दोनदा भारतात अमेरिकेचा राजदूत होता.

आता टाइमलाइन. कालनिर्णयचं जुनं पान उलटं करा, तीन रकाने पाडा: साल, पद, आणि तिसरा "तेव्हा राष्ट्राध्यक्ष कोण". भाचीने पहिल्यांदा नुसती पदं लिहून आणली, ती कुठेही मिळतात, त्यातून काही कळत नाही. तिसरा रकाना भरला तेव्हा तिचीच ट्यूब पेटली. १९४९ ला कनेक्टिकट राज्याचा गव्हर्नर, १९५० च्या निवडणुकीत पडला, १९५१ ला ट्रुमनने दिल्लीला पाठवला, दोघं डेमोक्रॅट. १९५३ ला आयझेनहॉवर आला, रिपब्लिकन, बोल्सची बॅग भरली. मग १९५८ ला काँग्रेसवर (अमेरिकन संसदेवर) निवडून, १९६१ ला केनेडीच्या परराष्ट्र खात्यात नंबर दोन, तिथून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उचलबांगडी, आणि १९६३ ला परत दिल्ली. १९६९ ला निक्सन आला, परत घरी.

इथे प्रोसेसचा एक पॅरा टाका, लांबवू नका. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, ज्या देशात पाठवायचं त्याची आधी संमती घेतात, सिनेटची समिती प्रश्न विचारते, सिनेट मत देते, मग तो माणूस इथे येऊन राष्ट्रपतींना ओळखपत्र देतो. करिअरवाले परराष्ट्र अधिकारी वेगळे, हे राजकीय नेमणुकीवाले वेगळे, आणि राष्ट्राध्यक्ष बदलला की यांनी राजीनामा द्यायचा हा रिवाज.

मी तिला चौथा रकानाही पाडायला लावला, "कोणी पाडलं". बोल्सला पाडलं जॉन डेव्हिस लॉजने, हा आधी हॉलिवूडमध्ये नट होता. गंमत म्हणजे चार वर्षांनी तोही पडला आणि १९५५ ला स्पेनला राजदूत म्हणून गेला 😄 आपल्याकडे पडलेल्याला राज्यपाल करतात, पेपरवाले त्याला राजकीय पुनर्वसन म्हणतात, तसंच. पण प्रोजेक्टमध्ये पुनर्वसन म्हणून थांबलात तर मार्क जातील, त्या खुर्चीत बसून केलं काय ते दाखवावं लागतं.

त्यासाठी "भारत-अमेरिका संबंध दृढ झाले" असली वाक्यं सरळ खोडा. दोन प्रसंग घ्या आणि तेच खणा. आम्ही पहिला घेतला धान्याचा. १९६५-६६ चा दुष्काळ, पीएल-४८० (धान्याच्या मदतीचा अमेरिकन कायदा) खाली अमेरिकेचा गहू आणि मिलो (ज्वारीचा एक प्रकार) यायचा, आणि केनेडीनंतरचा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन तो एकदम न सोडता महिन्या-महिन्याने सोडायचा, शेतीचं धोरण बदला म्हणून दबाव आणि व्हिएतनाम युद्धावरून भारत टीका करतो त्याचा रागही. बोल्स दिल्लीतून तारा पाठवतोय की धान्य सोडा. म्हणजे ज्याने नेमलं त्याच्याच पक्षाच्या साहेबाशी वाद. माझी आई बाजूला भाजी निवडत बसली होती, ती म्हणाली, लाल मिलो ना, रेशनवर मिळायचा, भाकरी थापली की तव्यावर टाकेपर्यंत मोडायची. भाचीने ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. घरातलं असं काही मिळालं तर नक्की टाका.

दुसरा प्रसंग तर पिक्चरसारखा. ६ मार्च १९६७, संध्याकाळी स्टालिनची मुलगी स्वेतलाना टॅक्सी करून चाणक्यपुरीत अमेरिकन दूतावासात आली, तिचा भारतीय जोडीदार ब्रजेश सिंगच्या अस्थी घेऊन ती भारतात आली होती आणि आता तिला रशियाला परत जायचं नव्हतं. बोल्सने वॉशिंग्टनला तार केली की मध्यरात्रीपर्यंत तुमचं काही उलट आलं नाही तर मी तिला बाहेर काढतो, आणि त्याच रात्री तिला रोमच्या विमानात बसवलं. या तारेवर एक अख्खं पान लिहा. वरून ऑर्डर यायची वाट बघणारा आणि "नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा" असं कळवणारा यातला फरक त्यात दिसतो, आणि निवडणुका लढवलेल्या माणसाला ही सवय असते असं माझं मत, भाचीला पटलं नाही, तिने तसं लिहिलंही.

तुलनेला एक पॅरा केनेथ कीटिंगचा पुरे. न्यूयॉर्कचा रिपब्लिकन सिनेटर, १९६४ ला रॉबर्ट केनेडीकडून पडला, १९६९ ला निक्सनने दिल्लीला पाठवला आणि १९७१ ला पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीवरून त्याने निक्सनच्याच धोरणाविरुद्ध तार केली. जुन्या तारा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या इतिहास विभागाच्या वेबसाइटवर फुकट आहेत, इंग्रजी जड आहे पण छोट्या असतात.

शेवटचं, प्रिंटला वर्डची फाइल नेऊ नका. आम्ही स्टेशनजवळ एका झेरॉक्सवाल्याकडे नेली, सगळं मराठी चौकोन चौकोन होऊन बाहेर, सबमिशन दुसऱ्या दिवशी अकराला, मग रात्री पावसात घरी येऊन पीडीएफ केली आणि सकाळी सात वाजता त्याच्याच शटरसमोर उभे.